कराड दक्षिणचा ‘बालेकिल्ला’ : मतदारसंघाचा इतिहास लिहिताना काय निसटतं

निवडणुकांवरच्या कुठल्याही प्रबंधात ‘अभ्यासक्षेत्राची ओळख’ नावाचं एक प्रकरण असतंच. त्यात मतदारसंघाचा इतिहास येतो, आणि तो बहुतेक वेळा एकाच साच्यातून काढलेला असतो. आधी तालुका, नद्या, पिकं, लोकसंख्या. मग एक तक्ता : वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष. आणि तक्त्याखाली निष्कर्षाची दोन-तीन वाक्यं. ‘सदर मतदारसंघ हा अमुक पक्षाचा बालेकिल्ला राहिला आहे’, ‘येथे घराणेशाहीचा प्रभाव दिसून येतो’, ‘सहकारी संस्थांचे राजकारण निर्णायक ठरते’. वर्तमानपत्रांच्या निवडणूक पुरवण्यांतही हाच साचा असतो, फक्त भाषा जरा चटकदार असते.

आज मला या साच्याबद्दलच लिहायचंय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या तयारीत असतील. हे प्रकरण सगळ्यात सोपं समजून शेवटच्या आठवड्यात उरकलं जातं. पण पुढचा सगळा प्रबंध याच प्रकरणातल्या वाक्यांवर उभा राहतो. इथे ‘बालेकिल्ला’ लिहिलंत की पाचव्या प्रकरणात ‘बालेकिल्ला का ढासळला’ याची कारणं शोधणं भाग पडतं. मुळात किल्ला होता का, हे तपासायचं मात्र राहून गेलेलं असतं.

उदाहरण म्हणून सातारा जिल्ह्यातला २६० क्रमांकाचा मतदारसंघ घेऊ, कराड दक्षिण. मध्येच शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावात (क्रमांक २८५) जाऊन येऊ, कारण कराडमध्ये न दिसणारी एक गोष्ट तिथे फार स्पष्ट दिसते.

यादी काय सांगते

नेहमीच्या पद्धतीने लिहिला तर कराड दक्षिणचा इतिहास साधारण असा होतो. सुरुवातीच्या दशकांत रेठरे बुद्रुकचे यशवंतराव मोहिते. ते आधी शेतकरी कामगार पक्षात होते, नंतर काँग्रेसमध्ये आले. १९८० मध्ये मोहिते कराडमधून लोकसभेवर गेले आणि विधानसभेत विलासराव पाटील उंडाळकर आले. १९८० ते २००९ अशा सलग सात निवडणुका उंडाळकर काकांनी जिंकल्या. २०१४ ला पृथ्वीराज चव्हाण, २०१९ ला पुन्हा चव्हाण. २०२४ ला भाजपचे डॉ. अतुल भोसले.

ही यादी वाचली की मनात आपोआप एक वाक्य तयार होतं : काँग्रेसचा हा बालेकिल्ला २०२४ मध्ये ढासळला. वाक्य नीटनेटकं आहे आणि परीक्षेत त्याला मार्कही मिळतील. पण यादीत एक रकाना विजेत्याच्या नावाचा आणि एक त्याच्या पक्षाचा, एवढंच आहे. हरलेले लोक त्यात नाहीत. किती मतांनी हरले, ते नाही. मतदारसंघाची हद्द तीच राहिली का, तेही नाही. म्हणजे ज्यांच्यामुळे निवडणूक ही निवडणूक होते त्या सगळ्या गोष्टी वगळून उरतो तो हा तक्ता. त्याला आमदारांची यादी म्हणता येईल. इतिहास म्हणायला अजून बरंच काही लागेल.

नाव तेच, नकाशा वेगळा

पहिली अडचण हद्दीची. २००८ च्या पुनर्रचनेत सातारा जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा १० वरून ८ झाल्या, जावळी आणि खटाव हे मतदारसंघ गेले. सांगलीत ९ च्या ८ झाल्या. तिथे कवठेमहांकाळ गेला, वाळव्याचा इस्लामपूर झाला आणि भिलवडी-वांगीच्या जागी पलूस-कडेगाव आला.

ज्यांची नावं बदलली त्यांच्याबाबतीत आपण निदान सावध होतो. नाव तेच राहिलं की मात्र फसतो. कराड दक्षिणचं नाव टिकलं, पण कराड शहर, जे आधी कराड उत्तरमध्ये होतं, ते दक्षिणेत आलं. हा बदल किरकोळ नाही. आधीचा दक्षिण म्हणजे ठोबळमानाने उंडाळे बाजूचं डोंगरी खोरं आणि रेठरे बाजूचा कृष्णाकाठ. २००९ पासूनच्या दक्षिणेत यात कराडची बाजारपेठ, नगरपालिकेचं राजकारण आणि शहरी मतदार यांची भर पडली.

आता ‘सलग सात विजय’ या वाक्याकडे परत बघा. सातपैकी सहा विजय जुन्या नकाशावरचे आहेत, नव्या नकाशावरचा एकच, २००९ चा. उंडाळकरांचं कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. पण १९८० पासून २०२४ पर्यंत एकच सरळ रेघ ओढून ‘मतदारांचा कल’ काढणारा संशोधक दोन वेगवेगळ्या मतदारसंघांना एक समजून चाललेला असतो. साधा नियम लक्षात ठेवा : १९७८ ते २००४ या निवडणुकांचा एक तक्ता, २००९ पासूनच्या निवडणुकांचा दुसरा. दोन्हींच्या मध्ये एक ओळ मोकळी सोडा आणि ती का सोडली हे खाली लिहा.

‘काँग्रेसचा पारंपरिक बालेकिल्ला’ हा शब्दप्रयोग आणखी मागे नेला तर तो आणखी अडखळतो. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत केली होती, आणि खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून काठावर निवडून आले होते. कराड दक्षिणचे यशवंतराव मोहिते तेव्हा शेकापमध्ये होते. म्हणजे या परंपरेला सुरुवातीचं वर्ष आहे, आणि ते आपण समजतो तितकं जुनं नाही.

तीन निवडणुका, सगळे आकडे

आता २००९ नंतरच्या नकाशावरच्या शेवटच्या तीन निवडणुका घेऊ आणि फक्त विजेता न बघता मुख्य उमेदवारांची मतं बघू.

२०१४ : पृथ्वीराज चव्हाण (काँग्रेस) ७६,८३१. विलासराव पाटील उंडाळकर (अपक्ष) ६०,४१३. अतुल भोसले (भाजप) ५८,६२१.

२०१९ : पृथ्वीराज चव्हाण (काँग्रेस) ९२,२९६. अतुल भोसले (भाजप) ८३,१६६. उदयसिंह पाटील उंडाळकर (अपक्ष) २९,४०१.

२०२४ : अतुल भोसले (भाजप) १,३९,५०५. पृथ्वीराज चव्हाण (काँग्रेस) १,००,१५०.

आता जरा थांबा, आणि पुढे वाचण्याआधी चव्हाणांचे आकडे एकाखाली एक लिहून बघा. ७६,८३१. ९२,२९६. १,००,१५०.

जिंकले त्या दोन्ही वेळांपेक्षा हरले त्या वेळी त्यांना जास्त मतं मिळाली. नुसती मतं वाढली, कारण मतदार वाढले, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, प्रमाण काढू. मुख्य उमेदवारांच्या एकूण मतांत त्यांचा वाटा २०१४ ला सुमारे ३९ टक्के होता, २०१९ ला ४५ टक्के आणि २०२४ ला जवळपास ४२ टक्के. म्हणजे ३९ टक्क्यांवर ते जिंकले आणि ४२ टक्क्यांवर हरले. (एकूण वैध मतांवर टक्केवारी काढली तर हे आकडे थोडे खाली येतील. छेद कुठला घेतलाय ते तक्त्याखाली नेहमी लिहा.)

‘२०२४ मध्ये मतदारांनी चव्हाणांची साथ सोडली’ हे वाक्य या आकड्यांतून निघत नाही. बदल झालाय तो स्पर्धेच्या आकारात. २०१४ ला मतं तीन जवळजवळ सारख्या वाट्यांत विभागली होती. साधारण ३९, ३१, ३०. अशा लढतीत चाळीस टक्क्यांच्या आत विजय मिळतो. २०१९ ला तिसरा वाटा १४ टक्क्यांवर आला. २०२४ ला तिसरा वाटाच उरला नाही. दुरंगी लढतीत ४२ टक्के म्हणजे पराभव. ज्याच्या हाती सगळ्यात जास्त मतं तो विजयी, या आपल्या पद्धतीत निकाल हा विजेत्याच्या ताकदीइतकाच बाकीच्यांच्या फाटाफुटीवर ठरतो. हे आपण एम.ए.ला पाठ केलेलं असतं, पण आपल्याच मतदारसंघावर लिहिताना नेमकं विसरतो.

तेच आकडे, उलटी गोष्ट

इथपर्यंत वाचून कुणी लगेच लिहील, ‘म्हणजे काँग्रेसचा पाया शाबूत आहे’. थांबा. त्याच तक्त्यातून नेमकी उलटी गोष्टही निघते.

२०१४ ला अपक्ष उभे राहिलेले उंडाळकर हे काँग्रेसचेच मावळते आमदार होते, पक्षाने तिकीट नाकारल्यामुळे ते अपक्ष लढले. तेव्हा काँग्रेस परंपरेतली मतं म्हणून चव्हाण आणि उंडाळकर यांची बेरीज केली तर २०१४ ला १,३७,२४४ येतात. २०१९ ला चव्हाण आणि उदयसिंह मिळून १,२१,६९७. २०२० च्या अखेरीला चव्हाण आणि उंडाळकर गट जाहीरपणे एकत्र आले. विलासकाका जानेवारी २०२१ मध्ये गेले, २०२४ ला उदयसिंह चव्हाणांसोबत होते. तेव्हाची मतं १,००,१५०. म्हणजे दहा वर्षांत ३७ हजारांहून जास्त घट, आणि तीही एकूण मतदान वाढत असताना.

मग खरं काय? चव्हाणांची मतं वाढली हे खरं, की काँग्रेस परंपरेची मतं घटली हे खरं? दोन्ही. पहिल्या वाक्यात मोजमापाचं एकक उमेदवार आहे, दुसऱ्यात गट आहे. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यात एक गृहीतक लपलंय : उंडाळकरांना मिळालेलं प्रत्येक मत हे मुळात काँग्रेसचं मत होतं. ते मत काकांना होतं, खोऱ्याला होतं, की चव्हाणांच्या विरोधात होतं? तक्ता याचं उत्तर देत नाही. देऊ शकतही नाही.

‘बालेकिल्ला’ या शब्दाबद्दल माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. एकाच मतदारसंघाच्या एकाच दशकाबद्दल दोन उलट गोष्टी खऱ्या असू शकतात, आणि हा शब्द त्या दोन्ही झाकून टाकतो. किल्ला कुणाचा, हा प्रश्नच त्यात विचारला जात नाही. पक्षाचा? माणसाचा? गटाचा? कराड दक्षिणमध्ये ही तिन्ही उत्तरं वेगवेगळी येतात. २०१४ ला तर किल्ल्याचे जुने किल्लेदार आणि किल्ल्यावरचं निशाण समोरासमोर लढत होते.

मतांची बेरीज-वजाबाकी

२०२४ च्या आधी ज्यांनी कागदावर हिशेब केला असेल त्यांना ९२,२९६ अधिक २९,४०१ बरोबर १,२१,६९७ असं दिसलं असणार. प्रत्यक्षात त्यापेक्षा २१,५४७ मतं कमी पडली. दुसरीकडे भोसलेंची मतं ८३,१६६ वरून १,३९,५०५ झाली, म्हणजे ५६,३३९ ची वाढ.

आता इथे लिहायचा मोह होतो : ‘उंडाळकर गटाची मतं भोसलेंकडे वळली.’ शक्य आहे. पण या आकड्यांतून ते सिद्ध होत नाही. २०२४ च्या पहिल्या दोघांची बेरीज २,३९,६५५ आहे, २०१९ च्या पहिल्या तिघांची २,०४,८६३. जवळपास ३५ हजारांचा फरक. हे जास्तीचे लोक कोण? पहिल्यांदा मतदान करणारे? आधी घरी बसलेले? महिला? राज्यातलं मतदान २०१९ ला सुमारे ६१ टक्के होतं ते २०२४ ला सुमारे ६६ टक्के झालं, त्यात ‘लाडकी बहीण’ योजनेची चर्चा सगळीकडे झाली. कराड दक्षिणमधली वाढ त्याचाच भाग, की इथली स्थानिक गोष्ट? फक्त एकूण बेरजा हातात घेऊन ‘या गटाची मतं त्याच्याकडे गेली’ असं सांगणं म्हणजे समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीचं वागणं सांगणं. या चुकीवर डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच लिहून ठेवलंय, आणि संशोधन पद्धतीच्या पेपरात त्यावर टीपही विचारतात. टीप लिहून मार्क घेतलेला विद्यार्थी पुढच्याच वर्षी आपल्या प्रबंधात तीच चूक करतो.

यावर उपाय आहे, अर्धा का होईना. निवडणूक आयोगाचा फॉर्म २० मतदान केंद्रनिहाय मतं देतो. एका केंद्रावर साधारण हजार-दीड हजार मतदार. उंडाळे खोऱ्यातल्या ज्या केंद्रांवर २०१९ ला उदयसिंह पुढे होते, तिथे २०२४ ला काय झालं, हे बघता येतं. रेठरे बाजूचं, कराड-मलकापूरचं वेगळं काढता येतं. यासाठी संगणकाचं फार ज्ञान लागत नाही, एक्सेल आणि चिकाटी पुरते. पण दोन गोष्टी सांभाळा. केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी दर निवडणुकीत थोड्या बदलतात, त्यामुळे क्रमांकाने न जुळवता गावाच्या आणि शाळेच्या नावाने जुळवा. आणि टपाली मतं वेगळी असतात, ती कुठल्याही गावात ढकलू नका. एवढं केल्यावरही तुम्हाला गाव दिसेल, माणूस दिसणार नाही. त्यासाठी मुलाखती, आणि त्याही फक्त गटप्रमुखांच्या नकोत.

विरोधकच गायब होतो तेव्हा

आता कराड तालुका ओलांडून शेजारच्या कडेगावात जाऊ. इथला जिल्हा सांगली. पलूस-कडेगाव म्हणजे डॉ. पतंगराव कदमांचा मतदारसंघ अशी ओळख. आधीच्या भिलवडी-वांगीतही तेच, पण १९९५ मध्ये त्यांना संपतराव देशमुखांनी हरवलं होतं. म्हणजे इथली लढत जुनी आहे : कदम आणि देशमुख.

मार्च २०१८ मध्ये पतंगराव गेले. पोटनिवडणुकीत भाजपच्या संग्रामसिंह देशमुखांनी अर्ज मागे घेतला आणि विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले. २०१९ ला युतीत जागा शिवसेनेकडे गेली. निकाल असा लागला : विश्वजीत कदम १,७१,४९७. शिवसेनेचे उमेदवार ८,९७६. आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण? ‘नोटा’, २०,६३१ मतं.

नेहमीच्या तक्त्यात याची नोंद ‘१,६२,५२१ मतांनी विजयी’ अशी होते. आकडा बरोबर आहे. त्याखाली ‘विक्रमी मताधिक्य, एकतर्फी मतदारसंघ’ असं लिहिणं मात्र चूक, कारण पुढच्याच निवडणुकीत, २०२४ ला, संग्रामसिंह देशमुख भाजपकडून उभे राहिले आणि त्यांना १,००,७०५ मतं मिळाली. विश्वजीत कदम १,३०,७६९ मतं घेऊन जिंकले, पण फरक आला ३०,०६४ वर.

ही लाखभर माणसं पाच वर्षांत आकाशातून पडली नाहीत. २०१४ लाही इथे भाजपकडून देशमुख घराण्यातलेच उमेदवार दुसऱ्या क्रमांकावर होते. २०१८ ला मतदानच झालं नाही. २०१९ ला त्यांना हवा तो पर्याय यंत्रावर नव्हता. काहींनी नोटा दाबलं, काही घरी बसले असतील, काहींनी कदमांनाच मत दिलं असेल. विजेत्यांच्या यादीत हे सगळं ‘काँग्रेस, काँग्रेस, काँग्रेस’ एवढंच दिसतं. मतदारसंघाच्या निम्म्याच्या आसपास लोकांचं राजकीय मत दहा वर्षं नोंदीतच नसणं, ही त्या मतदारसंघाच्या इतिहासातली मोठी घटना आहे, आणि आपला तक्ता नेमकी तीच गाळतो.

म्हणून मताधिक्य वाचताना आधी एक प्रश्न विचारायचा : समोर कोण होतं? आणि त्याआधी : समोर कोण नव्हतं, आणि ते कुणी ठरवलं? युतीचं जागावाटप, अर्ज माघारी, बिनविरोध निवड हे सगळे निर्णय मतदाराच्या आधी, मतदाराशिवाय होतात.

‘सहकार’ नावाची चावी

परत कराडला येऊ. साच्यातलं तिसरं वाक्य : ‘सहकारी संस्थांचे राजकारण निर्णायक ठरते.’ रेठऱ्याचा कृष्णा साखर कारखाना हे त्याचं हमखास उदाहरण. १९८९ मध्ये तिथे यशवंतराव मोहिते (भाऊ) आणि त्यांचे बंधू जयवंतराव भोसले (आप्पा) यांच्यात संघर्ष झाला आणि कारखान्यात सत्तांतर झालं. अतुल भोसले हे आप्पांचे नातू. २०१० ला कारखाना त्यांच्या गटाकडे नव्हता, २०१४ ला ते तिसरे आले. २०१५ ला डॉ. सुरेश भोसलेंच्या पॅनेलने कारखाना परत मिळवला, २०१९ ला मतं वाढली. २०२१ ला त्यांच्या पॅनेलने सगळ्या २१ जागा जिंकल्या, २०२४ ला आमदारकी आली.

किती छान जुळतंय ना? जुळतंय म्हणूनच जपून. हाच नियम मागे लावून बघा. १९८९ ला कारखाना आप्पांकडून भाऊंच्या गटाकडे गेला, पण १९९० ला आणि १९९५ ला आमदार झाले ते कारखान्याच्या घराण्याबाहेरचे, उंडाळकर. म्हणजे कारखाना हातात असणं पुरेसं नव्हतं. शिवाय कारखान्याचा मतदार आणि विधानसभेचा मतदार एक नाही. तिथे मत सभासदाचं, तेही सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. कराड शहरातल्या भाडेकरूला तिथे मत नाही. ‘निर्णायक’ असं लिहायचं असेल, तर कारखाना मत कसं मिळवून देतो ते सांगावं लागेल : ऊसतोडीच्या पाळीतून, नोकरीतून, दवाखान्यातून, की कार्यकर्त्यांच्या जाळ्यातून. नाहीतर ‘सहकार’ हा शब्द ‘बालेकिल्ला’सारखाच काहीही उघडणारी चावी होतो.

संस्थांच्या निवडणुका पक्षाच्या रकान्यात बसतही नाहीत. २०२१ च्या सातारा जिल्हा बँकेच्या निवडणुकीत कराड सोसायटी गटात राष्ट्रवादीचे बाळासाहेब पाटील आणि उदयसिंह उंडाळकर समोरासमोर होते. भाजपचा भोसले गट बाळासाहेबांच्या बाजूने होता, आणि बाळासाहेब थोडक्यात जिंकले. राज्यात तेव्हा राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकाच सरकारात होते. २०२५ मध्ये उदयसिंह अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. अँथनी कार्टर यांनी फलटण तालुक्याचा अभ्यास करून १९७४ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात पक्षापेक्षा नेत्यांच्या आघाड्यांवर भर आहे. पन्नास वर्षं जुनं आहे, तरी कराडवर लिहिण्याआधी वाचा.

जिल्हा आणि लाट

शेवटचा मुद्दा तुलनेचा. २०२४ ला सातारा जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीने जिंकल्या. शेजारच्या कराड उत्तरमध्ये बाळासाहेब पाटीलही हरले. मग कराड दक्षिणच्या निकालाचं कारण फक्त कराड दक्षिणमध्ये शोधून कसं चालेल? पण सगळं लाटेवर ढकलूनही चालत नाही, कारण त्याच लाटेत सांगलीतल्या आठपैकी तीन जागा महाविकास आघाडीकडे राहिल्या : इस्लामपूर, तासगाव-कवठेमहांकाळ आणि पलूस-कडेगाव. एकाच नदीचा काठ, उसाचीच अर्थव्यवस्था, साखर कारखाने दोन्हीकडे, आणि निकाल वेगळे. संशोधनाचा प्रश्न इथे आहे. ‘कराड दक्षिणमध्ये काँग्रेस का हरली’ यापेक्षा ‘पलूस-कडेगावात जे टिकलं ते कराड दक्षिणमध्ये का टिकलं नाही’ हा प्रश्न जास्त काम करून घेईल, कारण त्यात तुलना आधीच बसलेली आहे.

२०१९ बद्दलही एक गोष्ट सहज राहून जाते. त्या वर्षी विधानसभेबरोबरच, २१ ऑक्टोबरला, सातारा लोकसभेची पोटनिवडणूकही होती. कराड दक्षिणच्या मतदाराने एकाच खोलीत दोन बटणं दाबली. लोकसभेला आघाडीचे उमेदवार होते कराडचेच श्रीनिवास पाटील, आणि ते जिंकले. एकाच दिवशी, त्याच केंद्रावर, त्याच माणसांनी दिलेली दोन मतं. दोन्हींचे फॉर्म २० शेजारी ठेवून बघितले, तर पक्षाचं मत किती आणि माणसाचं किती, याचा चांगला अंदाज मिळू शकतो. एखाद्या एम.फिल.पुरता विषय होता हा, पण एम.फिल. बंद झालं. तुमच्या प्रबंधातलं एक प्रकरण तरी करा.

तर तक्ता कसा करायचा

विजेत्यांची यादी फेकून द्या असं मी म्हणत नाही. सुरुवात तिनेच होते. तिला रकाने जोडा : दुसरा आणि तिसरा उमेदवार, प्रत्येकाची मतं, एकूण वैध मतं, मतदानाची टक्केवारी, नोटा (२०१३ नंतर), आणि शेवटी एक रुंद रकाना ‘टीप’. त्यात हद्द बदलली का, तिकीट कुणाला नाकारलं, कुणी अर्ज मागे घेतला, त्याच दिवशी दुसरं मतदान होतं का, हे लिहा. आयोगाचे सांख्यिकी अहवाल आणि अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचा ‘लोकढाबा’ यांतून बहुतेक रकाने भरतात. टीपेचा रकाना मात्र जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळून आणि गावात बसूनच भरतो, आणि तुमच्या प्रबंधात नवीन जे काही असेल ते बहुधा त्याच रकान्यात असेल.

एवढं का करायचं? कारण प्रबंधातलं वाक्य तिथेच थांबत नाही. ते शोधगंगेवर जातं, तिथून पुढचा विद्यार्थी उचलतो, त्याच्याकडून एखादा पत्रकार, आणि पाच वर्षांनी तेच वाक्य ‘अभ्यासकांच्या मते’ म्हणून परत येतं. कराड दक्षिणमध्ये २०१४ ला ६०,४१३ लोकांनी एका अपक्षाला मत दिलं, पलूस-कडेगावात २०१९ ला २०,६३१ लोक केंद्रापर्यंत चालत गेले आणि ‘यांपैकी कुणीही नाही’ असं सांगून आले. विजेत्यांच्या यादीत या लोकांसाठी जागा नाही. आपल्या तक्त्यात ती करायला फक्त दोन-तीन रकाने जास्तीचे लागतात.